झोपणार कोण, ते आधी विचारा

आमच्या लहानपणी थंडी सुरू होण्याच्या सुमाराला मोहल्ल्यात पिंजारी चाचा यायचे. खांद्यावर कापूस पिंजायची लांब कमान, आणि तिचा तुंग-तुंग आवाज गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू यायचा. वर्षभर दबून दगड झालेल्या गाद्या अम्मी आदल्या दिवशी उसवून ठेवायची. कापसाला हात लावण्याआधी चाचा प्रत्येक गादीमागे एकच प्रश्न विचारायचे, "इसपे सोएंगा कौन?"

अब्बा धिप्पाड होते. त्यांच्या गादीत कापूस जास्त, दाबून भरलेला, आणि टाके जवळजवळ. आम्हा पोरांच्या गादीत कमी. दादीची गादी भरून झाली की चाचा ती हाताने दोन-तीनदा दाबून पाहायचे आणि मगच तोंड शिवायचे. या प्रश्नात कुणालाच वावगं वाटायचं नाही. अब्बांचं वजन जास्त आहे हे चाचा सरळ बोलायचे आणि अब्बा सरळ ऐकायचे. गादी नीट व्हायची असेल तर माणूस कसा आहे ते कळायला हवं, एवढाच त्यातला मामला.

चार वर्षांपूर्वी हा प्रश्न मी विसरलो. त्यामुळे माझ्या मोठ्या बहिणीची एक रात्र मी वाया घालवली, आणि एक रात्र एवढ्यावर ते थांबलं नाही. म्हणून तंबूतल्या अंथरुणासारख्या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर आज लिहितो आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतही तंबूत राहायला जाण्याची हौस वाढली आहे. पूर्वी सुट्टी म्हणजे मामूचं गाव, नाहीतर एखाद्या दर्ग्याची जियारत. आता पोरं पवना धरणाचे, भंडारदऱ्याचे फोटो दाखवतात आणि म्हणतात, आपणही जाऊया. आम्हीही गेलो. नाताळच्या सुट्टीत नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला. प्रवरा नदीवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्यामागे पसरलेला आर्थर जलाशय, एका अंगाला रतनगड आणि दुसरीकडे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो, पण भूगोलाचा तास असल्यासारखं सगळ्यांना हे सांगत होतो.

आम्ही पाच जण होतो. मी, माझी बायको, सतरा वर्षांचा मुलगा, चौदा वर्षांची मुलगी आणि मालेगावहून आलेली माझी आपा. आपा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. अम्मी आजारी असताना मला शाळेत सोडायला तीच यायची. तिचं शरीर अब्बांवर गेलेलं. शिवाय गुडघ्यांचा त्रास. तिला घेऊन जायचं म्हणून मी खास तयारी केली होती. बायकांसाठी तीन माणसांचा तंबू आणि त्यात हवा भरायची मऊमऊ डबल गादी. आम्हा बापलेकांसाठी दोन माणसांचा तंबू आणि फोमच्या दोन पातळ गुंडाळ्या. आपाला सगळ्यांत आरामाची वस्तू दिली, याचं मला समाधान होतं.

तंबू उभा करताना मुलगा गमतीत म्हणाला, "अब्बू, आत फुफू झोपणार आहेत, मग खुंट्या कशाला ठोकायच्या? तंबू उडणारच नाही." सगळे हसले. आपाही हसली. मीही हसलो. ते हसू मला नंतर बराच काळ टोचत राहिलं.

पहाटे फजरच्या वेळी मी बाहेर आलो तर आपा प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसलेली. विचारलं तर म्हणाली, "मैं तो तारे देखती बैठी थी. नींदच नै आई." मला ते खरं वाटलं. तारे होतेच तसे.

पुढच्या वर्षी पुन्हा बेत ठरला, तर आपा म्हणाली, "घर कौन देखेंगा?" नंतर उन्हाळ्यात विचारलं, तर म्हणाली, "धूप बहोत है." मग एका लग्नाला जायचं होतं, तिथे हॉलमध्ये खाली गाद्या घालून सगळ्यांची सोय होती, तर तिथेही ती रात्री राहिली नाही, दीड तासाचा प्रवास करून घरी परतली. मी तक्रारीच्या सुरात बायकोला म्हणालो, आपा आता माणसांत राहत नाही. तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

त्या रात्री काय झालं ते तिने मला सांगितलं. हवेच्या गादीवर आपा जिथे झोपली तिथे खोलगट भाग झाला आणि मुलगी झोपेत घरंगळत तिच्या अंगावर येऊ लागली. पोरगी दबेल या भीतीने आपा काठावर अंग आवळून पडून राहिली. मध्यरात्रीनंतर गादी ढिली पडली आणि तिची कंबर खालच्या खड्यांना टेकली. उठायला गेली तर हात टेकायला कुठे घट्ट जागा नाही, जिथे टेकावा तिथे गादी आत जाते. शेवटी ती हातापायांवर रांगत तंबूच्या दारापर्यंत गेली आणि बाहेर दगडाला धरून उभी राहिली. बायको म्हणाली, "मी जागी होते. पण मी पाहिलं असं कळलं असतं, तर त्यांना आणखी शरम वाटली असती. म्हणून डोळे मिटून पडून राहिले."

दोन वर्षं मला वाटत होतं की आपा तारे पाहत बसली होती.

घरी आल्यावर आधी मी गादीलाच दोष दिला. भोक पडलं असेल म्हणून हवा भरून पाण्याच्या टबात कोपऱ्याकोपऱ्याने बुडवून पाहिली. एकही बुडबुडा नाही. गादीत दोष नव्हता. मी ती ज्या माणसासाठी घेतली, त्या माणसाचा विचार न करता घेतली होती.

मग मी हा विषय जरा अभ्यासाला घेतला. मास्तर माणूस, दुसरं काय करणार? दुकानांत जाऊन गाद्यांवर आडवा झालो, टेप घेऊन तंबू मोजले, ट्रेकला जाणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं. त्यातून जे कळलं ते मांडतो, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण शंभरच्या आसपासचे आहेत. मी स्वतः ९६ किलोचा आहे.

पहिली गोष्ट तंबूवर लिहिलेल्या आकड्याची. 'दोन माणसांचा तंबू' म्हणजे दोन माणसं एकमेकांना खेटून, सामान बाहेर ठेवून झोपली तर मावतील असा तंबू. त्याची जमीन साधारण २१० सेंटिमीटर लांब आणि १३० ते १४० सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे माणशी ६५ ते ७० सेंटिमीटर. त्यातही घुमटासारख्या तंबूच्या भिंती आत कलत्या असतात, त्यामुळे काठावरची जागा मोजण्यापुरतीच. रुंद खांद्याचा माणूस काठाला झोपला की त्याचं अंग कापडाला लागतं, आणि पहाटे त्या कापडावर आतून आपल्याच श्वासाचं पाणी जमलेलं असतं. सकाळी पांघरूण ओलं झालं म्हणजे तंबू गळला असं आपल्याला वाटतं, पण तो गळलेला नसतो. म्हणून माझा पहिला नियम : देहाने मोठ्या दोन माणसांसाठी लेबलावर तीन किंवा चार लिहिलेला तंबू घ्यावा. कंपनी डोकी मोजते. अंग आपणच मोजायचं असतं.

दुसरी गोष्ट हवेच्या गादीची. घरी पाहुणे आले तर ती ठीक आहे. तंबूत तिचे तीन दोष उघडे पडतात. एक, थंडी पडली की आतली हवा आकसते. संध्याकाळी २४ अंशांना भरलेली गादी पहाटे ८ अंशांवर आली तर आतल्या हवेत शंभरातला पाच-सहा भाग घट येते. ऐकायला हे थोडं वाटतं, पण या गाद्या मुळात फार दाबाने भरलेल्या नसतात, त्यामुळे एवढ्यानेही त्या चांगल्याच ढिल्या पडतात. त्यातून नवी गादी पहिल्या काही रात्री ताणून सैल होते ती वेगळीच. आमच्या गादीचं हेच झालं होतं. दोन, आतला कप्पा एकच असेल तर जड माणसाखालची हवा हलक्या माणसाकडे सरकते आणि हलका माणूस उताराला लागतो. तीन, आतली हवा खेळती असते, ती अंगाची ऊब खाली जमिनीकडे नेत राहते. वर दोन ब्लँकेटं घेऊनही पाठ गार पडते ती यामुळे. म्हणून दुसरा नियम : वजनात मोठा फरक असलेल्या दोन माणसांनी एका हवेच्या गादीवर झोपू नये. मोठ्या दोघांनीही झोपू नये. प्रत्येकाचं अंथरूण वेगळं असावं.

तिसरी गोष्ट आम्ही बापलेकांनी वापरलेल्या फोमच्या गुंडाळ्यांची. स्वस्त, हलक्या, कधी न फुटणाऱ्या. माझा मुलगा त्यावर मेल्यासारखा झोपला. माझी कंबर मात्र सकाळी कामातून गेली होती. याचं कारण साधं आहे. ५५ किलोच्या माणसाखाली जो फोम अर्धा दबतो, तो ९५ किलोच्या माणसाच्या कुशीखाली पूर्ण दबतो आणि मग माणूस जमिनीवरच झोपलेला असतो. कुशीवर झोपणाऱ्या जड माणसाला तीन ते चार इंच जाडी हवी. तीही भुसभुशीत स्पंजची नको, दाबलं तर हळूहळू दबणारी हवी. दुकानात मूठ आवळून गादीवर टेकवावी आणि अंगाचा भार द्यावा. मूठ खालच्या फरशीला लागली, तर तुमची कंबरही लागणार.

रुंदीही पाहावी. ट्रेकच्या साध्या गाद्या ५१ सेंटिमीटर रुंद असतात. त्यावर मोठा माणूस उताणा झोपला की दोन्ही हात बाहेर पडतात. रुंद प्रकार ६३-६४ सेंटिमीटरचा मिळतो. बारा-तेरा सेंटिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण कूस बदलताना जाग यायची की नाही ते यावर ठरतं.

मग घ्यावं काय? माझ्या पाहण्यात मोठ्या माणसासाठी दोन चांगले पर्याय आहेत.

पहिला, आपोआप फुगणारी गादी. आत फोम असतो आणि बाहेरून हवाबंद कापड. झडप उघडली की फोम पसरतो आणि हवा ओढून घेतो. शेवटी दोन-चार फुंका आपल्या. आत फोम असल्याने हवा थोडी कमी झाली तरी माणूस थेट जमिनीला लागत नाही आणि ऊबही टिकते. तीन-चार इंच जाडीची, रुंद प्रकारातली घेतली तर दोन मोठी माणसं २१० बाय १४० च्या लहान तंबूतही झोपू शकतात. ६३ आणि ६३ म्हणजे १२६. अवघड होतं, पण होतं. चांगल्या गाद्यांवर 'आर-व्हॅल्यू' नावाचा एक आकडा छापलेला असतो. जमिनीची थंडी अंगापर्यंत येऊ न देण्याची ती ताकद. उन्हाळ्यात १-२ पुरतो. डिसेंबरात सह्याद्रीत जायचं तर मी ४ च्या खाली जाणार नाही.

दुसरा पर्याय घडीच्या खाटेचा. आपली बाजच ती, फक्त सुंभाऐवजी जाड कापड आणि लाकडाऐवजी लोखंड किंवा ॲल्युमिनियम. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला रात्री दोनदा उठावं लागतं, त्याच्यासाठी याला तोड नाही. जमिनीपासून ४०-४५ सेंटिमीटर उंची म्हणजे साधारण खुर्चीएवढी उंची. माणूस बसतो, पाय टेकतो, उठतो. त्याला रांगावं लागत नाही.

पण खाट घेतानाही डोळे उघडे हवेत. तिच्यावर लिहिलेला भाराचा आकडा शांत पडून राहिलेल्या माणसाचा असतो. आपण तर धप्पकन बसतो. म्हणून आपल्या वजनाच्या निदान सव्वा ते दीडपट भार पेलणारी खाट घ्यावी. शंभर किलोच्या माणसाने १२० ची घेऊ नये, १५० ची घ्यावी. पाय टोकदार नळ्यांचे नसून खाली आडव्या दांड्याचे असावेत, म्हणजे तंबूचा तळ फाटत नाही. तरी खाली जुन्या रबरी मॅटचे तुकडे ठेवावेत. बसताना आधी मधोमध बसावं, टोकाला बसलं तर दुसरं टोक वर येतं. आणि खाटेवर नुसतं झोपू नये. खालून वारा खेळतो आणि पाठ गारठते. गोधडी अंगाखाली दबली की तिची ऊब अर्धी होते, म्हणून आधी फोमची गुंडाळी आणि त्यावर गोधडी. आमच्या त्या टाकून दिलेल्या गुंडाळ्या शेवटी इथे कामाला आल्या.

खाटेची अडचण एकच, ती तंबूतली उंची खाते. बसलेल्या माणसाचं डोकं बैठकीपासून ८५-९० सेंटिमीटर वर येतं. त्यात खाटेचे ४५ मिळवा. म्हणजे १३५. लहान तंबूची मधली उंची बहुधा ११० ते १३० असते, आणि काठाला तर विचारूच नका. दोन खाटा लावायच्या म्हटलं तर दोन माणसांच्या तंबूत त्या भिंतीला भिडतात. मी कागदावर चौकोन काढून बरेच दिवस हे गणित सोडवत बसलो होतो. शेवटी उत्तर निघालं ते असं. तंबू २१० बाय २१० चा, लेबलावर चार माणसांचा, मध्ये १५० उंच, पण झोपणार दोनच. त्याचे ७०-७० चे तीन पट्टे करायचे. मधल्या पट्ट्यात, जिथे उंची सर्वांत जास्त, तिथे खाट, पायथा दाराकडे. एका बाजूला खाली रुंद फुगणारी गादी, दुसऱ्या बाजूला पिशव्या. ज्याला उठायचा त्रास, तो खाटेवर. दुसरा खाली. दोघांनाही आपापली जागा मिळते आणि रात्री कुणी कुणाला ओलांडत नाही.

ही खाट सात-आठ किलोची असते हे खरं. गाडी तंबूपर्यंत जाते तिथेच तिचा उपयोग. पाठीवर सामान घेऊन रतनगड चढणाऱ्याने जाड, हलकी गादीच घ्यावी.

हे सगळं गणित मांडल्यावर शेवटी एक आकडा राहिला, तो माझ्याकडे नव्हता. आपाला फोन केला. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं, "आपा, तुम्हारा वजन कितना है?"

पलीकडे शांतता. मग, "क्या करना है तेरे को?"

"खाट लेनी है. उसपे लिखेला रहता, कितना वजन चलता."

पुन्हा थोडी शांतता. मग ती हसली. "एक सौ आठ. लिख ले. और तेरा कितना है?"

"छियानवे."

"तू भी कुछ कम नै."

या एका फोनसाठी मी दोन वर्षं लावली. माझं खरं मत जे काय आहे ते इथे आहे. आपण मोठ्या देहाच्या माणसाशी दोनच प्रकारे वागतो. एकतर थट्टा करतो, नाहीतर सभ्यपणे गप्प राहतो. थट्टा वाईट आहे हे सगळ्यांना कळतं. पण ते गप्प राहणंही तितकंच वाईट आहे, हे मला आपाने शिकवलं. मी तिचं वजन विचारलं नाही ते तिला वाईट वाटू नये म्हणून. त्या मर्यादेपोटी तिला रात्री रांगावं लागलं. अशा माणसांना नको म्हणायला कारणं सापडतातच : घर कोण बघेल, ऊन फार आहे, बरं वाटत नाही. आपण ती खरी मानतो. हळूहळू ती लग्नाच्या मुक्कामातून, सहलीतून, नातेवाइकांच्या घरातून बाजूला होतात आणि आपण म्हणतो, त्यांना आवडत नाही. बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण तक्रार न करणं हा त्यांचा गुण म्हणून आपणच वाखाणलेला असतो.

यावर काही मित्रांनी मला ऐकवलंच. एक म्हणाला, एवढी उठाठेव करण्यापेक्षा वजन कमी करायला सांग ना. वजन कमी करणं चांगलंच आहे, डॉक्टर आपाला सांगतात, मलाही सांगतात. पण ते वर्षाचं काम आहे. झोप आज रात्री लागायची आहे. रात्रभर न झोपलेला माणूस सकाळी चालायला जाईल, असं मला तरी वाटत नाही.

दुसरा म्हणाला, आपले बापजादे जमिनीवरच झोपले की. झोपले, पण सारवलेल्या सपाट जमिनीवर, खाली सतरंजी आणि वर दोन-दोन गोधड्या घालून. आणि घरातलं माणूस म्हातारं झालं, गुडघे धरले, की अंगणातली बाज त्याची व्हायची, पोरं खाली यायची. दादीच्या बाजेची दोरी सैल पडली की अब्बा दर महिन्याला पायथ्याकडून ओढून घट्ट करायचे. जुन्या लोकांनी सोय केली नाही असं नाही. ते बोलून दाखवत नव्हते, एवढंच.

तिसरा म्हणाला, मग हॉटेलात खोली घ्या, तंबूचा हट्ट कशाला? याला माझ्याकडे मोठं उत्तर नाही. तंबूत सकाळी चेन उघडली की समोर पाणी असतं. ते पाहायचा हक्क फक्त पन्नास-साठ किलोच्या माणसांना आहे, असं मला पटत नाही. हजहून आलेली मंडळी मिनातल्या तंबूंच्या गोष्टी सांगतात, त्यात एकमेकांना चिकटून घातलेल्या अरुंद अंथरुणांचा उल्लेख येतोच. तिथे लाखोंची व्यवस्था, निवड आपल्या हातात नसते, आणि माणूस ते इबादत म्हणून सोसतो. पण आपण आपल्या पैशाने, आपल्या माणसांना घेऊन, आनंदासाठी चाललो असू, तर तिथे सोसायला लावण्याचं कारण काय?

खरेदीला निघणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. जे काही आणाल त्यावर आधी एक पूर्ण रात्र घरातल्या हॉलमध्ये झोपून पाहा, ज्याच्यासाठी आणलं त्यालाच झोपवून. दहा मिनिटं आडवं होऊन काही कळत नाही, तीन-चार तासांनी कळतं. आम्ही खाट मालेगावला आपाच्या घरी नेऊन दिली. तिने तीन रात्री झोपून फोनवर अहवाल दिला की डोक्याकडचा आडवा दांडा खांद्याला लागतो. त्यावर आणखी एक गोधडी घडी करून घातली. आणि मुक्कामी पोचल्यावर उजेड असतानाच सपाट जागा शोधा, खडे वेचा. उतारावर महागातली गादीही घसरते.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा भंडारदऱ्याला गेलो. त्या चार माणसांच्या तंबूत आपा आणि माझी बायको, दोघीच. मुलीसाठी तिच्या चुलत बहिणीबरोबर वेगळा तंबू. खाट मुलाने उचलून आणली, पायांखाली रबराचे तुकडे ठेवले, स्वतः बसून हलवून पाहिली. तंबूच्या खुंट्याही सगळ्या त्यानेच ठोकल्या, एकही शब्द न बोलता. फुफूला 'आधी मधोमध बसा' एवढंच म्हणाला.

रात्री साडेदहाला तंबूतून घोरणं ऐकू येऊ लागलं. बायकोने मला मेसेज पाठवला, कानात घालायला कापूस आहे का? कापूस नव्हता. तिने ती रात्र अर्धवट झोपेत काढली आणि सकाळी त्याबद्दल आपाला मनसोक्त बोलून घेतलं. आपानेही मनसोक्त ऐकून घेतलं.

पहाटे मी वजूसाठी पाणी घेत होतो. तंबूची चेन उघडल्याचा आवाज आला. आपा खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. तिने शाल सारखी केली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि कुणालाही हाक न मारता उभी राहिली.